चौथीची वेस



या मालिकेत आपण आतापर्यंत लढायांबद्दल, किल्ल्यांबद्दल आणि सेनापतींबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेबांना निवृत्तीनंतर शाळा आठवायला लागली. आठवली आहे खरी. पण मी सांगणार आहे तो इतिहासच आहे आणि तो एका इयत्तेचा आहे. ती इयत्ता म्हणजे चौथी.

आपल्यापैकी बहुतेकांनी चौथी केव्हाच मागे टाकली. आज कुणी 'मी चौथी पास आहे' असं म्हटलं तर त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. पण या देशात शंभर वर्षांपूर्वी शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी फक्त १८ मुलं चौथीत पोहोचत होती. हा १८ चा आकडा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे पुन्हा येणार आहोत. आधी माझ्या चौथीबद्दल थोडं सांगतो, कारण हा विषय माझ्या डोक्यात तिथूनच शिरला.

माझं गाव सातारा जिल्ह्यातलं. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, अशी परिस्थिती. मी १९७१ च्या जून महिन्यात चौथीत गेलो. चौथी म्हणजे त्या काळी मोठी गोष्ट. पाटी-पेन्सिल मागे पडायची आणि दप्तरात वह्या यायच्या. शिवाजी महाराजांचा इतिहास चौथीला. स्कॉलरशिपची परीक्षाही चौथीलाच. गुरुजी आम्हाला म्हणायचे, "आता तुम्ही लहान नाही." लहान नाही म्हणजे नक्की काय, ते मला त्याच वर्षी डिसेंबरात कळलं.

युद्ध सुरू झालं तेव्हा माझे धाकटे काका आघाडीवर होते. आजीला अक्षरओळख नव्हती. वडील साखर कारखान्यावर, ते शनिवारी यायचे. त्यामुळे काकांचं पत्र आलं की ते वाचायचं काम माझं. पत्रावर गावाचं नाव नसायचं, नुसतं '५६ एपीओ' लिहिलेलं असायचं. आजी मला विचारायची, हे गाव कुठं आलं? मी ऐटीत सांगायचो, ते लष्कराचं गाव आहे.

ढाक्याला पाकिस्तानी फौजेनं १६ डिसेंबरला शरणागती पत्करली. गावात पेढे वाटले गेले. त्यानंतर चारपाच दिवसांनी पत्र आलं. आजी चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "वाच रे बाळा." मी वाचायला लागलो. खुशाली, पाऊसपाणी, म्हशीची चौकशी. मग एक ओळ आली. काकांनी लिहिलं होतं की पायाला गोळी लागली आहे, इस्पितळात आहे, आईला एकदम सांगू नका.

ते पत्र काकांनी वडिलांसाठी लिहिलं होतं. हातात पडलं माझ्या. मी नऊ वर्षांचा होतो. मी थांबलो, आवंढा गिळला, ती ओळ गाळली आणि पुढची ओळ वाचली. आजीनं काही विचारलं नाही. तिनं पत्र घेतलं, कपाळाला लावलं आणि देवळीत ठेवलं.

दोन महिन्यांनी काका लंगडत घरी आले, तेव्हा आजी रडली नाही. मला नंतर म्हणाली, "तू तिथं थांबलास ना, तेव्हाच मला कळलं होतं."

ही झाली माझी चौथी. आता इतिहासाकडे वळू.

इंग्रजी अमलात सरकारी शाळा निघाल्या, पण त्या कुणासाठी? महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात त्यांनी स्पष्ट मागणी केली की सामान्य जनतेचं प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचं करावं. सरकारचा पैसा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गाला मिळतं, हे त्यांचं म्हणणं होतं. आयोगानं ऐकून घेतलं. सक्ती काही आली नाही.

सक्ती पहिल्यांदा करून दाखवली ती एका संस्थानिकानं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मुलांबरोबर मुलींनाही. आपले जे श्रोते बडोद्याचे आहेत त्यांनी याचा अभिमान जरूर बाळगावा. फौजेत आम्ही काय करतो? नवा डावपेच आधी एका तुकडीवर आजमावतो, चुका सुधारतो आणि मग सगळ्या पलटणीला शिकवतो. महाराजांनी नेमकं तेच केलं. एका भागात १३ वर्षं आजमावलं, मग राज्यभर नेलं.

या प्रयोगाचा दाखला पुढे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांना उपयोगी पडला. गोखले स्वतः शिक्षक. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी शिकवलेलं. त्यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्या वर्षीच्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे ६ टक्के होती. शंभर माणसांत सहा जण पत्र वाचू शकत होते.

विधेयकात काय होतं ते नीट पाहा, कारण गोखल्यांनी फार सावध पाऊल टाकलं होतं. सक्ती सगळीकडे नाही. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात, तिथल्या नगरपालिकेनं किंवा लोकल बोर्डानं ठरवलं तर आणि सरकारनं परवानगी दिली तरच. सुरुवात फक्त मुलग्यांपासून. पालकाची प्राप्ती महिना १० रुपयांपेक्षा कमी असेल तर फी माफ. आणि वय किती? सहा ते दहा. म्हणजे चार वर्षं. म्हणजे चौथीपर्यंत.

इतकं कमी का मागितलं, असा प्रश्न आज आपल्याला पडतो. फुल्यांनी तर बारा वर्षांपर्यंत मागितलं होतं आणि सयाजीरावांनी मुलींनाही घेतलं होतं. पण गोखल्यांना सभागृहाची रचना ठाऊक होती. सरकारी सभासद बहुमतात होते. खर्चाचं कारण पुढे येणार, शेतावर मजूर मिळणार नाहीत असं जमीनदार म्हणणार, हे उघड होतं. म्हणून त्यांनी निदान जेवढ्याशिवाय चालणारच नाही तेवढंच मागितलं. पोरगं चार वर्षं शाळेत टिकलं तर त्याला लिहिता-वाचता येईल आणि आलेलं टिकेल, हा हिशेब.

मार्च १९१२ मध्ये मतदान झालं. बाजूनं १३, विरुद्ध ३८. विधेयक पडणार हे आपल्याला ठाऊक आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही, असं गोखल्यांनी सभागृहात आधीच सांगून टाकलं होतं. तीन वर्षांनी, १९१५ मध्ये, ते गेले. पण पाडलेलं विधेयक मेलं नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८ मध्ये नगरपालिकांसाठी कायदा मंजूर करून घेतला. इतर प्रांतांतही तसे कायदे झाले. लढाई एका मोर्चावर हरली होती, पुढे ती दहा मोर्चांवर सुरू झाली.

आता तो १८ चा आकडा. यासाठी मी तुम्हाला मी राहतो त्या गावात, महूला, घेऊन येतो. निवृत्तीनंतर मी इथंच घर केलं. या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, ही गोष्ट आपण फौजी लोकांनीही पुरेशी लक्षात ठेवलेली नाही. ज्या काळात गावच्या शाळेत अस्पृश्य मुलाला उंबऱ्याच्या आत घेत नसत, त्या काळात पलटणीच्या शाळेत महार शिपाई शिकत होते आणि शिकवत होते. पुढे महारांची भरती बंद झाली आणि तो दरवाजा मिटला. पण रामजी सुभेदारांच्या घरात विद्या आलेली होती, ती आता परत जाणार नव्हती.

बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेली एक आठवण आहे. ते इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाले तेव्हा समाजातल्या लोकांनी सभा घेऊन सत्कार करायचं ठरवलं. ही चौथी म्हणजे आपली मराठी चौथी नव्हे, हायस्कूलच्या वाटेवरची इंग्रजी इयत्ता. वडिलांना तो सत्कार पसंत नव्हता. एक परीक्षा तर पास झालाय, एवढ्यानं पोराच्या डोक्यात हवा जाईल, हे त्यांचं मत. जुना सुभेदार बोलतो ते असंच. शेवटी सभा झाली आणि कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिलं. चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकच्या वेळचा देतात, पण स्वतः बाबासाहेबांनी मात्र इंग्रजी चौथीचा दिला आहे. वर्ष कुठलंही धरा. एका मुलानं इयत्ता ओलांडली म्हणून अख्ख्या समाजाला सभा घ्यावीशी वाटली, यावरून ती वेस किती उंच होती हे समजतं.

हाच मुलगा पुढे मुंबई कायदेमंडळाचा सभासद झाला. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या खर्चावर ते बोलायला उभे राहिले. त्यांनी मांडलं ते असं. प्राथमिक शाळेचं काम नुसतं नाव नोंदवण्याचं नाही. दारातून आत आलेलं मूल साक्षर होऊन, जन्मभर साक्षर राहील अशा टप्प्यावरच बाहेर पडलं पाहिजे. आणि आकडे काय सांगतात? शाळेत आलेल्या शंभरातली १८ मुलं चौथीत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. मग त्यांनी सरकारच्या खतावणीवर बोट ठेवलं. शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च होतो आणि दारूच्या अबकारीतून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल होतात. लोकांकडून दारूपोटी जेवढं घेता, निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, ही त्यांची मागणी.

दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, सर फिलिप हार्टोग यांच्या समितीचा अहवाल आला. ही सायमन कमिशनची शिक्षणविषयक समिती. तिनं देशभरची आकडेवारी तपासली. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलामुलींपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत १८ होती. पुन्हा तोच आकडा. हे हार्टोग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. ज्या रमना मैदानावर १९७१ ची शरणागती झाली, त्याच्या शेजारचंच ते विद्यापीठ.

हार्टोग समितीनं कारणं दिली ती आजही ओळखीची वाटतील. घरची गरिबी. सुगीत आणि गुरांमागे मुलं लागतात. एकाच शिक्षकावर चार वर्ग. पहिलीतच दोनदोन वर्षं अडकून पडलेली मुलं. निदान चार वर्षांचं शिक्षण झाल्याशिवाय साक्षरता टिकत नाही आणि मधेच सुटलेल्या मुलावर झालेला खर्च वाया जातो, हे तिनं ठामपणे सांगितलं.

इथं एक वाद आहे आणि तो समजून घेतला पाहिजे. आंबेडकर आणि हार्टोग, दोघांसमोर आकडा एकच होता. पण निष्कर्ष वेगळे निघाले. हार्टोग समिती म्हणाली, नव्या शाळा भराभर काढू नका, आहेत त्या आधी मजबूत करा. बाबासाहेब म्हणत होते, खर्च वाढवा. नकाशा एकच असला तरी दोन अधिकारी दोन वेगळे हुकूम काढतात, तसं हे झालं. हार्टोग अहवालाचा आधार घेऊन पुढच्या दशकात सरकारनं शाळांची वाढ आवरती घेतली आणि देशातल्या पुढाऱ्यांनी त्यावर टीका केली. माझं मत विचाराल तर आहे ती चौकी मजबूत करणं बरोबरच. पण ज्या खिंडीत चौकीच नाही तिथं काय मजबूत करणार? ज्या गावात शाळा नव्हती तिथल्या मुलाला या सल्ल्याचा काय उपयोग?

आकडे ऐकून विसरता येतात, म्हणून एका माणसाबद्दल सांगतो.

मी कंपनी कमांडर होतो तेव्हाची गोष्ट. बर्फाच्या मुलखात, उंचावर, आमची एक पोस्ट होती. तिथल्या लंगरमध्ये एक लांगरी होता, डोंगराळ भागातला, चाळिशीला आलेला. रोटी त्याच्यासारखी कुणी करत नसे. त्याच्या कागदावर शिक्षण लिहिलेलं होतं 'दुसरी'. म्हणजे सरकारी नोंदीत तो साक्षर. एकदा पगाराच्या कागदावर त्यानं अंगठा पुढे केला. मी विचारलं, शाळेत गेला होतास ना? म्हणाला, गेलो होतो, मग बापानं बकऱ्यांमागे पाठवलं. अक्षरं होती, गेली.

'अक्षरं होती, गेली.' हार्टोग समितीनं अख्ख्या अहवालात जे लिहिलं ते या माणसानं तीन शब्दांत सांगितलं.

त्याची पत्रं सोबतचा एक जवान वाचून दाखवायचा. एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, साहब, मला वाचायला शिकायचंय. मी म्हटलं, आता का? तो म्हणाला, "साहब, पढ़नेवाला सब नहीं पढ़ता।"

मित्रांनो, मी तिथंच गप्प झालो. मला आमची चूल आठवली, पत्र आठवलं, गाळलेली ओळ आठवली. मी तेव्हा समजत होतो की आजीवर माया म्हणून मी ती ओळ गाळली. माया होतीच. पण तिच्या मुलाच्या पायाला गोळी लागली हे तिला कळावं की नाही, हे एका नऊ वर्षांच्या पोरानं ठरवलं. का? तर ते पोर चौथीत होतं आणि ती कधी शाळेत गेली नव्हती म्हणून. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या वाट्याला किती बातमी यावी हे दुसराच ठरवतो. तो दुसरा कधी प्रेमळ असतो, कधी नसतो. सावकाराच्या वहीपुढे अंगठा उठवणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

फौजेत आर्मी एज्युकेशन कोअर आहे, तिचं केंद्र पचमढीला. ब्रिटिश काळी पलटणीत रोमन लिपीतली उर्दू शिकवत, आता हिंदी शिकवतात. आमच्याकडे त्या कोअरचा एक हवालदार होता. त्यानं रोज संध्याकाळी, लंगरचं काम आटोपलं की, या गड्याला घेऊन बसायचं ठरलं. कणकेच्या परातीत बोटानं अक्षरं काढायची, मग वहीत. पहिले दोन महिने तो वैतागायचा. सात-आठ महिन्यांनी त्याला घरचं पत्र आलं, तेव्हा तो ते घेऊन एकटाच बंकरच्या मागे गेला. अर्ध्या तासानं आला. पत्रात काय होतं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं पत्र फक्त त्याचं होतं.

आता आजच्या काळात येऊ. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमानं सांगितलं होतं की १० वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न व्हावा. म्हणजे १९६० पर्यंत. ते झालं नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीनं शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गोखल्यांच्या विधेयकानंतर ९९ वर्षांनी. १३ विरुद्ध ३८ मतांनी हरलेली लढाई कागदावर जिंकायला या देशाला एक शतक लागलं.

कागदावर म्हणतो, कारण शत्रूनं जागा बदलली आहे. पूर्वी मूल चौथीत पोहोचतच नसे. आता पोहोचतं. पटावर नाव असतं, माध्यान्ह भोजन असतं, गणवेश असतो. पण चौथीतल्या सगळ्याच मुलांना साधा परिच्छेद वाचता येतो का? येत नाही, हे सरकारनंही मान्य केलं आहे. म्हणून तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान पक्कं करण्याला अग्रक्रम दिला आणि २०२१ मध्ये त्यासाठी निपुण भारत मोहीम निघाली.

तिसरीपर्यंतच का? तर तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं आणि चौथीपासून वाचून शिकतं. इतिहास, भूगोल, विज्ञान, सगळं त्या वाचनावर उभं राहतं. जीन चॉल नावाच्या अमेरिकन विदुषीनं वाचनाच्या टप्प्यांचा अभ्यास करून हेच दाखवलं. ज्याचं वाचन चौथीच्या वेशीवर कच्चं राहतं, ते मूल पुढे वर्गात बसतं, पण वर्ग त्याच्याशिवाय पुढे जातो. पूर्वीची ८२ मुलं शाळेबाहेर दिसत होती, मोजता येत होती. आजची मुलं शाळेच्या आत आहेत, त्यामुळे ती दिसत नाहीत. बाबासाहेबांची १९२७ ची कसोटी आजही तीच लावायला हवी. मूल शाळेत आलं का, एवढं विचारून भागत नाही. जन्मभर टिकेल एवढं घेऊन ते बाहेर पडलं का, हे विचारायचं.

शेवटी एक काम सांगतो. हुकूम समजू नका, विनंती समजा. तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला असा, बेळगावात किंवा दिल्लीत असा. घरात, शेजारी, सोसायटीत, कामाला येणाऱ्या बाईंचं, वॉचमनचं, चौथीतलं एखादं मूल असेलच. आज त्याच्या हातात वर्तमानपत्र द्या. 'वाच रे बाळा' म्हणा. ते कुठं अडखळतं ते ऐका, रागावू नका. उद्या पुन्हा बसवा. रोज पंधरा मिनिटं पुरतात. एका हवालदारानं परातीतल्या कणकेवर जे केलं, ते आपल्याला आपल्या ओट्यावर जमायला हरकत नाही.

काकांचं ते पत्र अजून माझ्याकडे आहे. देवळीतला धूर लागून पिवळं पडलंय. आजी गेली तेव्हा मी अकादमीत होतो, त्यामुळे ती राहून गेलेली ओळ तिला कधी वाचून दाखवता आली नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.